सत्तेचाळीस जुने ड्रायव्हर आणि आप्पांचं पोतं

ही गोष्ट मी सहा वर्षं कुणालाही सांगितलेली नाही. सांगायची वेळ बऱ्याचदा आली, पण दर वेळी मला नेमकी तहान लागायची, नाहीतर चष्मा सापडायचा नाही. आता मी बहात्तर वर्षांचा आहे आणि एक नोंद दुरुस्त करायची राहून गेली आहे. आमच्या सगळ्या नातेवाइकांत असं पक्कं समजलं जातं, की आमच्या सुनेचा कॉम्प्युटर माझ्या साडूंनी, म्हणजे भाटघरच्या आप्पांनी, बिघडवला. आप्पांचाही तसाच समज आहे. तो कॉम्प्युटर मी बिघडवला. तोंडी जमलं नाही म्हणून हे लेखी देतो आहे.

माझी सगळी नोकरी सरकारी कचेरीत कारकुनी करण्यात गेली (कोणत्या कचेरीत ते विचारू नका, पेन्शन चालू आहे!). दर महिनाअखेर आम्हाला वर एक तक्ता पाठवावा लागे. प्रलंबित प्रकरणे किती? त्या रकान्यात ज्याला ‘निरंक’, म्हणजे शून्य, लिहिता येई तो त्या महिन्याचा राजा. मी सलग अकरा महिने निरंक लिहिलेला माणूस आहे. ते कसं लिहिलं हा वेगळा विषय आहे. पण तेव्हापासून कुठेही शिल्लक आकडा दिसला की माझा हात शिवशिवतो.

आमची सून रूपाली भोरला आमच्याकडेच असते. मुलगा रोज पुण्याला जाऊन-येऊन नोकरी करतो. रूपालीला घरून करता येईल असं काम हवं होतं. चार महिने अर्ज करून शेवटी पुण्याच्या एका कंपनीनं तिला मुलाखतीला बोलावलं होतं. सोमवारी सकाळी अकरा वाजता, कॉम्प्युटरवर, समोरासमोर बसल्यासारखी. गुरुवारी तिनं हेडफोन चढवून मैत्रिणीला कॉम्प्युटरवरून फोन लावला आणि तालीम केली, तर हिला तिचं ऐकू येईना आणि तिला हिचं ऐकू जाईना. दोघी पडद्यावर मासोळ्यांसारखं तोंड हलवत बसल्या होत्या.

शनिवारी रूपालीच्या मामेबहिणीचा वेल्ह्याला साखरपुडा होता. जाताना ती मला म्हणाली, “बाबा, त्या आवाजाचं कुणाला तरी विचारून ठेवाल का?”

“विचारायचं काय त्यात? मी बघतो.”

“नको, बघू नका. फक्त विचारा.”

एवढं स्पष्ट सांगून ती गेली, हे मी मुद्दाम नमूद करतो.

मी विचारलं. इंटरनेटला विचारलं. तिथे लिहिलं होतं, की आवाज जात नसेल तर ड्रायव्हर जुना झाला असेल. कॉम्प्युटरचा प्रत्येक भाग चालवायला आत एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात, हे मला तिथे कळलं. आणि असे सगळे ड्रायव्हर तपासून नवे करून देणारं सॉफ्टवेअर तिथेच ठेवलेलं होतं. फुकट! मी ते उतरवून घेतलं आणि ‘स्कॅन’वर बोट ठेवलं. एक लाल चक्र गरगर फिरलं आणि निकाल आला: तेवीस ड्रायव्हर जुने.

माझा हात शिवशिवला.

मी जुनी वही काढली, पट्टीनं रकाने आखले: अनुक्रमांक, वेळ, जुने ड्रायव्हर, शेरा. आखेपर्यंत पंधरा मिनिटं गेली म्हणून खात्रीसाठी पुन्हा स्कॅन केलं. एकोणीस! मी काहीही न करता चार प्रकरणं निकाली निघाली होती. आमच्या कचेरीत असं फक्त साहेबांची बदली झाल्यावर व्हायचं. तिसऱ्यांदा स्कॅन केलं. एकतीस! त्यात एक ड्रायव्हर ब्लूटूथचा होता आणि आमच्या कॉम्प्युटरला ब्लूटूथच नव्हतं. म्हणजे जो माणूस गावात राहतच नाही, त्याचा रहिवासी दाखला जुना झाला म्हणून बोंब!

शहाण्या माणसानं इथे वही मिटली असती. मी शेऱ्याच्या रकान्यात ‘तफावत आहे, पाठपुरावा करणे’ असं लिहिलं.

आमची ही, कुसुम, तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, “अहो, आवाज येत नाही ना? मग त्या आवाजाचंच बघा की. बाकीच्यांची कशाला चौकशी?”

“तुला नाही कळायचं. सगळं निरंक झालं पाहिजे.”

“घरी बसून आठ वर्षं झाली, अजून निरंक!” असं म्हणून ती सूप घेऊन आत निघून गेली. माझ्या नोकरीबद्दलचं तिचं मत पहिल्यापासून असंच आहे.

अडचण अशी होती, की फुकटात दिवसाला दोनच ड्रायव्हर बदलून मिळत. बाकीचे हवे असतील तर पैसे भरा. एकतीस ड्रायव्हर म्हणजे सोळा दिवस आणि मुलाखत परवा! आता इथे मला जे सुचलं ते फक्त कारकुनालाच सुचू शकतं. आमच्याकडे एकतीस मार्च हा दिवस पंधरा एप्रिलपर्यंत चालायचा. तारीख ही कामाच्या सोयीनं असते, हे मी पस्तीस वर्षं पाहिलेलं. मी कॉम्प्युटरच्या घड्याळात गेलो आणि तारीख एक दिवसानं पुढे ढकलली. सॉफ्टवेअरनं निमूटपणे आणखी दोन ड्रायव्हर दिले! अहाहा! निवृत्तीनंतर इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

असा मी पाच दिवस पुढे गेलो. बारा ड्रायव्हर बदलले. मग एकेक दिवस सरकवायचा कंटाळा आला, म्हणून महिनाभर पुढे गेलो. हिशेब असा, की तीस दिवसांचे साठ एकदम जमा झाले असतील. पण दोनच मिळाले. रजेच्या भाषेत सांगायचं तर ही अर्जित रजा नव्हती, किरकोळ रजा होती. न वापरलेली साठत नव्हती. माझा विश्वास बसेना. खात्रीसाठी आणखी एक महिना गेलो, मग आणखी एक, मग आणखी एक. प्रत्येक वेळी दोनच. एकूण वीस ड्रायव्हर नवे करून मी समाधानानं स्कॅन केलं.

सत्तेचाळीस!

वीस कमी केले आणि सोळा वाढले! असा तक्ता मी वर पाठवला असता तर साहेबांनी मला तिथेच निलंबित केलं असतं. यादीत सगळ्यात वर पडद्याचा ड्रायव्हर होता, त्याच्यापुढे लाल उद्गारचिन्ह. म्हटलं, हा मोठा मासा दिसतो, याला धरू. तारीख एक दिवस पुढे केली आणि त्याला बदललं.

पडदा निळा झाला. त्यावर एक उदास चेहरा आला. मग तोही गेला आणि पडदा काळा झाला. काळा म्हणजे काळाकुट्ट, त्यात माझाच चेहरा दिसायला लागला. तोही उदासच होता.

मी कॉम्प्युटरच्या डब्याचं बटण दाबून धरलं, आणि त्याच क्षणी दारातून आवाज आला, “भाऊसाहेब! हायसा का घरात?”

आप्पा म्हणजे कुसुमच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वय तेव्हा सत्तरीच्या पुढे, पण स्टँडपासून चाळीस किलोचं पोतं खांद्यावर घेऊन चालत आले होते. नवा तांदूळ निघाला की पहिलं पोतं आमच्याकडे, हा त्यांचा शिरस्ता. आत आले, घामानं निथळत होते, आणि जे पहिलं उंच काहीतरी दिसलं त्यावर पोतं टेकवलं. ते उंच काहीतरी म्हणजे स्टुलावर उभा असलेला कॉम्प्युटरचा डबा.

धप्प!

माझं बोट बटणावर तसंच होतं. डब्याचा हिरवा दिवा गेला. पंखा थांबला. आप्पांनी पोत्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, काळ्या पडद्याकडे पाहिलं. तेवढ्यात कुसुम आतून आली, आणि वेल्ह्याहून परतलेली रूपाली साखरपुड्याच्या साडीत दारात उभी!

“काय झालं?” तिनं विचारलं.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण माझ्याआधी आप्पाच बोलले, “सूनबाई, माजा गुन्हा झाला गं. म्या पोतं ठिवलं आन् बंद पडलं बग.”

एखाद्या माणसानं आपणहून कबुलीजबाब दिला तर तो नोंदवून घ्यायचा, असा दफ्तरी नियम आहे. तरीही मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी बोललोही. मी म्हणालो, “असू दे, आप्पा.”

तेवढ्या तीन शब्दांनी प्रकरण त्यांच्या नावावर चढलं. कुसुमनं फक्त एकदा माझ्याकडे रोखून पाहिलं. “तुम्ही काय करत होतात तिथं?”

“तारीख बघत होतो,” मी म्हणालो. हे शंभर टक्के खरं आहे.

रविवारी नसरापूरहून दुरुस्तीवाले मोरे आले. आप्पा घरी गेलेच नव्हते. “यंत्र नीट झाल्याबिगर म्या हितनं हालायचा न्हाई,” म्हणून ओसरीवर बसून होते. मोऱ्यांनी डबा उघडला, झटकला, कुठली तरी कळ दाबून वेगळ्या पद्धतीनं चालू केला. पडद्यावर मोठी मोठी ओबडधोबड अक्षरं आली. मोरे बघत राहिले.

“ह्याची तारीख चार महिने पुढे गेलीय!”

मला तहान लागली.

“धक्क्यानं होत असेल,” मी म्हणालो.

मोरे माझ्याकडे बघायला लागले. पण आप्पा पुढे सरकले. चेहरा गंभीर. “मोरे, पोतं चाळीस किलोचं हुतं. चार म्हैनं मंजी एकशेवीस दिस. मंजी किलोला तीन दिस पुढं ग्येलं म्हना की!”

“आप्पा, तरी बरं क्विंटल नाही आणलंत,” कुसुम म्हणाली. “दिवाळीच आली असती.”

सगळे हसले. रूपालीही हसली. मी सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत मोठ्यानं हसलो.

डबा स्कूटरवर ठेवायला मी मोऱ्यांबरोबर रस्त्यापर्यंत गेलो. ते हळू आवाजात म्हणाले, “काका, आत काही तुटलेलं नाही. कुणीतरी वीस-एकवीस ड्रायव्हर उतरवून घातलेत. निम्मे दुसऱ्याच मशीनचे आहेत. नेटचा पण बदललाय, म्हणून नेट चालत नाहीये.”

“पोत्यानं असं होऊ शकतं का?”

“पोत्याला इंटरनेट लागेल, काका.”

मग त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. ते सॉफ्टवेअर ड्रायव्हर चांगला की वाईट हे बघतच नाही. फक्त त्याची तारीख बघतं. जुनी तारीख म्हणजे खराब, एवढंच त्याचं ज्ञान. मी तारीख जितकी पुढे नेली तितके जास्त ड्रायव्हर म्हातारे झाले. शिवाय दर वेळी आकडा वेगळा, कारण त्याला माणूस घाबरवून पैसे भरायला लावायचे असतात. जो भाग नीट चालतोय त्याच्या वाटेला जायचं नाही. जो चालत नाही तेवढ्याचाच ड्रायव्हर, तोही ज्यांनी मशीन बनवलं त्यांच्याकडूनच घ्यायचा. हे सगळं कुसुमनं शनिवारी तांदूळ निवडता निवडता सांगितलं होतं.

“आणि आवाजाचं?” मी विचारलं.

“त्या हेडफोनच्या दोन पिना असतात ना, हिरवी आणि गुलाबी? अदलाबदल झाल्या होत्या. बाहेरच्या बाहेर.”

मी स्कूटरला हात टेकवून उभा राहिलो.

“मी सांगू का घरात?” मोऱ्यांनी विचारलं.

“नको. मी सांगतो. योग्य वेळी.”

डबा सोमवारी दुपारनंतर मिळणार होता आणि मुलाखत अकराला. घरातलं नेट वायरनं थेट डब्यालाच जोडलेलं, म्हणून उरला मोबाईल. आमच्या घरात मोबाईलची रेंज फक्त गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ येते. तिथे टेबल मावत नाही. मोबाईल कशाला टेकवायचा? आप्पा म्हणाले, “म्या धरतो.” आणि धरला. दोन्ही हातांनी, छातीसमोर, देवापुढे आरतीचं ताट धरावं तसा. ऊन चांगलंच होतं. पडद्यावर ऊन पडू नये म्हणून मी छत्री धरली होती. रूपाली खुर्चीत, समोर आप्पा, वर माझी छत्री. आप्पांच्या नाकावर माशी बसली तरी त्यांनी मान हलवली नाही.

सुरुवात बरी झाली. मग आवाज तुटायला लागला. समोरच्या साहेबांनी विचारलं, “काम करताना अचानक आलेली एखादी अडचण सांगा. तुम्ही ती कशी सोडवलीत?”

रूपाली हुशार आहे. ती म्हणाली, “सर, आजचीच सांगते. परवा आमचा कॉम्प्युटर बंद पडला...”

“सायेब!” मोबाईलच्या मागून आवाज आला. “त्यात पोरीचा काय बी दोस न्हाई! म्या पोतं ठिवलं त्येच्यावर!”

“कोण बोलतंय?”

“म्या आप्पा! भाटघरचा!”

साहेबांनी त्यांच्या बाजूच्या कुणाकडे तरी पाहिलं. आप्पांचे हात आता थरथरत होते, त्यामुळे साहेबही थरथरत होते. आप्पांनी माझ्याकडे बघितलं, साक्षीदाराकडे बघावं तसं. आता मी बोललो असतो तरी चाललं असतं. मी छत्री जरा डावीकडे केली.

आठवड्यानं कळवण्यात आलं, की उमेदवार चांगली आहे पण घरी कामासाठी योग्य वातावरण नाही. ते ‘वातावरण’ म्हणजे मी. रूपालीला दुसरं काम मिळायला पुढे एक वर्ष लागलं. ती एकदाही कुणाला लागेल असं बोलली नाही. ते मला जास्त लागलं.

पण खरी शिक्षा आप्पांना झाली. लग्नकार्यात कुणी तरी म्हणणारच, “आप्पा, जरा लांब बसा, माझा मोबाईल नवा आहे!” पोरं त्यांना बघून “किलोला तीन दिस!” ओरडायची. आप्पाही हसायचे. आमच्याकडे आले की पोतं अंगणातच उतरवायचे आणि विचारायचे, “यंत्र कोणच्या खोलीत हाय? तिकडनं जात न्हाई म्या.” मग हळूहळू त्यांच्या घरातही तेच सुरू झालं. शेतावरच्या मोटारीचा स्टार्टर ते तीस वर्षं दाबत होते. मुलगा म्हणाला, “आप्पा, तुमी नका हात लावू, म्या दाबतो.” आणि आप्पांनी हात मागे घेतला. हे मला ताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, सहज बोलता बोलता सांगितलं. त्या दिवशी मला चष्माही सापडला नाही आणि तहानही भागली नाही.

शेवटी गेल्या महिन्यात मी निश्चय केला आणि एकटाच भाटघरच्या एसटीत बसलो. रस्ता थोडाच आहे, पण तेवढ्यात मी वाक्य पाठ केलं: ‘आप्पा, तो कॉम्प्युटर मी बिघडवला होता. मला माफ करा.’ नऊ शब्द. उतरेपर्यंत तीस-चाळीस वेळा म्हणून झालं. कंडक्टरनं दोनदा विचारलं, “आजोबा, काय पायजे का?”

आप्पा ओट्यावर बसले होते. आता फार थकलेत. ताईंनी चहा दिला आणि त्या गोठ्याकडे गेल्या. दोघंच उरलो. याहून योग्य वेळ असूच शकत नव्हती. मी कप खाली ठेवला.

“आप्पा, तो कॉम्प्युटर...”

“थांबा भाऊसाहेब!” त्यांनी माझा हात धरला. “बरं झालं तुमीच इषय काडला. माज्या तोंडनं निघत नव्हता. सा वर्सं झाली. लोकं हासली, पोरं वरडली, पर तुमी? तुमी त्या दिशी म्होरं बसला हुता, समदं डोळ्यांनी बगितलंत, आन् आजपत्तुर एक वावगा शबूद काडला न्हाई. येवढ्या मोट्या मनाचा मानूस म्या दुसरा बगितला न्हाई.”

“नाही हो, आप्पा, तसं नाही. ऐका, तो मी...”

“न्हाई, माजं आयका. पोरीचं वरीस वाया ग्येलं माज्यापायी. आता किती दिस ऱ्हायल्यात माजे? येकदा तुमच्या तोंडनं आयकलं, की मापी दिली, मंजी म्या सुटलो.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. नऊच्या नऊ शब्द माझ्या जिभेवर तयार होते. मी खाकरलो. आप्पांनी माझा हात आणखी घट्ट धरला. मी त्यांच्या खांद्यावर दुसरा हात ठेवला आणि म्हणालो:

“जाऊ द्या हो, आप्पा. मी केव्हाच माफ केलंय तुम्हाला!”